परसातला वाफसा

महाड आणि पोलादपूर हे तालुके पावसानं श्रीमंत आणि पाण्यानं गरीब आहेत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत, आणि तरीही एप्रिल उजाडला की आंबेनळी घाटाखालच्या कितीतरी वाड्यांवर टँकरची वाट बघायची वेळ येते. कारण सरळ आहे. उतार उभा, मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ. आभाळातून पडलेलं पाणी वहाळातून सावित्रीला आणि सावित्रीतून बाणकोटच्या खाडीला मिळायला फार वेळ लागत नाही. अशा मुलखात दारची तुळस, कुंपणाची जास्वंद, परसातला कढीलिंब, अनंत, अबोली, दोन सुपाऱ्या, एखादं आंब्याचं कलम जगवायचं म्हणजे एकाच झाडाला जुलैत बुडण्यापासून आणि एप्रिलमध्ये तहानेपासून वाचवायचं. लोक ते वर्षानुवर्षं करत आले, कारण बुडण्याचे दिवस आणि तहानेचे दिवस साधारण ठरलेले होते. आता ते ठरलेले राहिले नाहीत. माझं म्हणणं असं की, यंदा आभाळ काय करणार याचा अदमास घेत बसण्यापेक्षा मुळांभोवतीच्या मातीत हवा आणि ओल दोन्ही एकदम नांदतील, म्हणजेच वाफसा टिकेल, या एका गोष्टीवर सगळी मेहनत लावावी. पाऊस लवकर येवो, रेंगाळो, मध्येच दडी मारो किंवा दिवाळीनंतर कोसळो, ही मेहनत फुकट जात नाही.

तारखांचं गणित किती ढासळलं आहे ते आधी पाहू. पावसाची नक्षत्रं सूर्याच्या गतीवर चालतात, म्हणून मृग दरवर्षी ७ किंवा ८ जूनला लागतो आणि हस्त सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. परसातलं वेळापत्रक याच तारखांवर बसलेलं असे: रोहिणीत वाफे तयार, मृगाच्या सरीवर काकडी-पडवळाच्या बिया, हत्तीचा पाऊस सरला की वालाची आणि भाजीपाल्याची लगबग. २०१९ साली ऑक्टोबर संपत आला तरी पाऊस हटला नाही. अरबी समुद्रात क्यार आणि महा ही दोन चक्रीवादळं पाठोपाठ उठली. २०२३ मध्ये मोसमी पाऊस ११ जूनला दक्षिण कोकणात आला, तिथंच थबकला, आणि मुंबईला पोचायला २५ जून उजाडला. त्याच वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २०२५ मध्ये हाच पाऊस २४ मे रोजी केरळात आला आणि दोनच दिवसांत, २६ मे रोजी, मुंबईत हजर झाला. ठरल्या तारखेच्या १६ दिवस आधी. म्हणजे दोन वर्षांत पावसाचं आगमन चांगलं महिनाभर पुढेमागे झालं. हवामान खात्यानंसुद्धा २०२० मध्ये आपल्या सरासरी तारखा बदलल्या आणि मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर नेली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणारी अतिवृष्टी सुमारे तिपटीनं वाढली, आणि तिला बाष्प पुरवण्यात अरबी समुद्राचा हात आहे. वर्षाची बेरीज तीच राहिली तरी झड आणि उघडीप यांची वाटणी बदलली, आणि झाडाला बेरजेशी काही देणंघेणं नसतं.

यावर जुनीजाणती माणसं म्हणतील की लहरी पाऊस काही काल जन्मला नाही. ते खरंच आहे. पण पूर्वीचं परसही आजच्यासारखं नव्हतं. अंगण शेणानं सारवलेलं असायचं, पाणी त्यात थोडं तरी मुरायचं. आता कोबा नाहीतर पेव्हर ब्लॉक असतो आणि छपरावर पत्रा. दारची गुरं गेली, त्यांच्याबरोबर शेणखताचा ढीग गेला. घरच्या कोयीचं, घरच्या बियाणाचं झाड गेलं आणि रोपवाटिकेच्या काळ्या पिशवीतलं आलं. बाग बिघडली की सगळा दोष आभाळावर टाकायची सवय लागली आहे, पण माझ्या मते त्यातला निम्मा तरी जमिनीवरच्या बदलांचा आहे. ही एका अर्थी बरी बातमी, कारण जमिनीवर आपला हात चालतो.

झाड पावसात मरतं ते बहुतेक वेळा मुळांपासून मरतं. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते तोवर त्यांना प्राणवायू मिळतो. त्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की तो पोचणं जवळपास थांबतं, कारण पाण्यातून प्राणवायूचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असतो. दोन-तीन दिवसांत बारीक केसमुळं कुजू लागतात, आणि नेमक्या त्याच मुळांवर पाणी ओढायची भिस्त असते. म्हणून सलग झडीनंतर ऊन पडलं की मोगरा किंवा पपई पाण्यात उभी असूनही मान टाकते. पानं लोंबलेली दिसली की घरातलं कुणीतरी कळवळून तांब्याभर पाणी घालतं, आणि उरलेली मुळंही जातात. तहान आणि बुडणं यांची खूण वरून एकसारखीच दिसते, म्हणून निर्णय पानं पाहून घ्यायचा नाही. झाडापासून हातभर अंतरावर चार बोटं खालची माती उकरून मुठीत दाबायची. गोळाच झाला नाही तर पाणी हवं. गोळा झाला, पण कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे, काही करू नये. गोळा न फुटता नुसता चेपला, बोटांना चिकटा आला, तर पाणी बंद आणि निचऱ्याकडे बघायचं. शेतकरी नांगरटीआधी करतो तीच ही परीक्षा. तिला यंत्र लागत नाही, पंचांग लागत नाही आणि मोबाइलवरचा अंदाजही लागत नाही.

निचऱ्याची गरज किती, हे एका हिशेबावरून कळेल. एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे दहा हजार लिटर पाणी होतं, म्हणजे उन्हाळ्यात वाडीवर येणारा एक मोठा टँकर. जुलै २०२१ मध्ये घाटमाथ्यावर महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या मापानं गुंठ्यामागे साठ हजार लिटर. घाटाखाली दर दिवशी इतका पडत नाही, पण शंभर मिलिमीटरचा दिवस इथं कुणाला नवलाचा वाटत नाही. त्यात छपराची भर. पन्नास चौरस मीटरच्या छपरावरून अशा दिवशी पाच हजार लिटर पाणी पागोळ्यांच्या रेषेवर उतरतं, आणि हौशी माणसं नेमकी त्याच रेषेत शोभेसाठी गुलाब नाहीतर शेवंती लावतात. पागोळ्यांखाली अळू किंवा कर्दळ शोभते. नाजूक मुळांचं झाड भिंतीपासून तीन-चार हात लांब आणि वीतभर उंचावर हवं. लाल मातीचा वाफा पावसाळ्यात जमिनीबरोबर ठेवला तर तो तळं होतो. उतारावर वाफ्याच्या वरच्या अंगाला आडवा चर काढून पाणी बाजूला वळवलं की पुष्कळसं काम झालं.

आळ्यांचा मुद्दा इथं महत्त्वाचा आहे. झाडाभोवती खोलगट आळं ही उन्हाळ्याची सोय. पावसाळ्यात तेच आळं बुंध्याशी पाणी धरून ठेवतं. म्हणून मृगाआधी आळी मोडून बुंध्याला मातीची भर द्यायची आणि पाऊस सरला की पुन्हा आळी करायची, ही जुनी रीत. २०२५ सारख्या वर्षी, मे महिन्यातच धो धो पाऊस येतो तेव्हा ही रीत गाफील गाठली जाते. त्यापेक्षा आळ्याचा आकारच असा ठेवावा की तो दोन्हीकडे चालेल. बुंध्याशी कायमची उंचवट्याची भर, आणि फांद्यांच्या घेराखाली, जिथं केसमुळं असतात तिथं, वीतभर रुंद गोल चर. चराला उताराच्या बाजूनं एक तोंड. तोंडात दगड आणि माती दाबली की चर पाणी धरतो, ती काढली की सोडून देतो. पाऊस मेमध्ये आला तर दगड काढायला एक मिनिट पुरतं, ऑगस्टमध्ये पंधरा दिवस उघडीप पडली तर तो परत बसवायलाही तेवढंच. तारखेवर अवलंबून असलेली कष्टाची कामं अशी पाच मिनिटांच्या कामांत मोडता आली तरच लहरी हवामानाशी जमवून घेता येतं.

कुंड्यांबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे. तळाशी खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा थर दिला की पाणी चांगलं निथळतं, असं जो तो सांगतो. घडतं उलट. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही. माती पूर्ण भिजून भरेपर्यंत ते वरच अडून राहतं, आणि खडीनं जागा खाल्ल्यामुळे तो ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर माती अडवायला एक खापरी पुरे. बाकी सुधारणा मातीतच करायची: जाडसर वाळू, कुजलेलं शेणखत, थोडा जांभ्याचा चुरा. शहरी बागकामातून आलेला कोकोपीट इथं जपून वापरावा. पावसाळ्यात तो भिजलेल्या स्पंजसारखा पाणी धरून बसतो आणि मार्चमध्ये एकदा पूर्ण सुकला की पाणी आत न घेता कुंडीच्या कडेनं वाहू देतो, म्हणजे नेमका दोन्ही ऋतूंत दगा. आणि कुंडीखालची ताटली जून लागताच काढून ठेवावी. कुंडी दोन विटांवर चढवावी.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की, हवामानाचा अंदाज आता बराच नेमका झाला आहे, मग त्याप्रमाणेच का वागू नये? जरूर वागावं, पण त्याची मर्यादा ओळखून. रायगडला ऑरेंज अलर्ट आहे असं वाचतो तेव्हा त्या एका शब्दात अलिबागचा किनारा आणि पोलादपूरचा घाटपायथा दोन्ही आलेले असतात. डोंगराच्या एका सोंडेपलीकडे पावसाचा जोर बदलतो, हे या भागातल्या कुणालाही सांगायला नको. दोन-तीन दिवसांचा अंदाज एका कामासाठी फार मोलाचा आहे, आणि ते काम म्हणजे काय करू नये हे ठरवणं. जोराचा पाऊस सांगितला असेल तर खत टाकू नये, फवारणी करू नये, नवं रोप लावू नये. झडीच्या दिवसांत टाकलेल्या युरियातलं नत्र झाडाऐवजी वहाळाला मिळतं. जुलैत पानं पिवळी पडली की खत कमी पडलं असं वाटतं. पुष्कळदा मुळं गुदमरल्यामुळे मातीतलं खतच वर चढत नसतं. एका ठिकाणी मात्र तारीख खरोखर सांभाळावी लागते. सुपारीच्या कोळेरोगासाठी एक टक्का बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी पावसाआधीच व्हावी लागते, आणि मेअखेर पाऊस कोसळला तर ती हुकते. यावर तोड एवढीच की हे काम मृगाच्या तोंडावर न ठेवता मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावं. बुरशीचा दाब पाणी साचलेल्या बागेत जास्त असतो, तेव्हा निचरा इथंही कामाला येतोच, पण फवारणीची जागा तो घेत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. वादळ आणि महापूर यांच्यापुढे मातीची निगा काय कामाची? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि किनाऱ्यावरच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. असल्या वाऱ्यात भक्कम झाडंही जातात, हे मान्यच. पण परसातली बरीच लहान झाडं मोडत नाहीत, उपटतात, आणि उपटतात ती मुळं गुंडाळलेली असल्यामुळे. पिशवीत वर्षभर राहिलेल्या कलमाची मुळं तळाशी गोल फिरतात. तशीच लावली तर दहा वर्षांनीही झाड त्या गाठीवरच उभं असतं. लावताना पिशवी पूर्ण काढून तळाची गुंडाळी कापणं आणि कडेची मुळं मोकळी करणं, हे वादळाआधी दहा वर्षं करायचं काम आहे. आधाराच्या काठीला झाड सैल बांधावं. वाऱ्यात थोडं हलू दिलं तर खोड जाड होतं आणि मुळं पसरतात. महापुराची गोष्ट वेगळी. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाड शहरात शिरलं, त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. माणसं गेली, त्या ठिकाणी बागेचा विचार करायलाही संकोच वाटतो. पण शहरातल्या ज्या परसांवरून फक्त पाणी आणि गाळ गेला, तिथं नंतर काय करायचं हा खरा प्रश्न होता आणि पुढंही असेल. गाळाचा बारीक थर सुकल्यावर मातीच्या तोंडावर झाकण बसवतो, आणि पूर ओसरल्यावरही झाड त्याखाली गुदमरत राहतं. माती चिखलासारखी असताना खोदू नये, तुडवू नये. बुंध्याभोवतीचा गाळ हातानं ओढून काढावा, पानांवरचा धुवावा, आणि खालची माती वाफशावर आली की वरवर खुरपून हवा द्यावी. नवी पालवी दिसेपर्यंत खत नको. पुराचं पाणी गटारातून आलेलं असतं, तेव्हा त्या हंगामातली पालेभाजी खाऊ नये हेही ओघानं आलं.

आणि एक कबुली द्यायला हवी. मुळं सांभाळून मोहोर सांभाळता येत नाही. जानेवारीतलं ढगाळ हवामान, अवकाळी सर किंवा फेब्रुवारीतला अचानक उकाडा आंब्याच्या मोहोराची आणि कोवळ्या फळांची गळ घडवतोच; रायगडच्याच भिऱ्याला मार्च २०१७ मध्ये पारा ४६ अंशांवर गेल्याची नोंद झाली होती. निरोगी मुळांचं झाड असं वर्ष सोसून पुढच्या वर्षी फळतं, एवढाच या निगेचा दावा. फळांची हमी हवी असेल त्यानं दुसरा लेख वाचावा.

सर्वांत दुर्लक्षित महिना मात्र ऑक्टोबर. चार महिने ढगाखाली वाढलेली पानं पातळ आणि मऊ असतात. आभाळ एकदम मोकळं झालं की ती करपतात, आणि पावसाच्या जोरावर वरच पसरलेल्या मुळांची माती आठवड्याभरात तापते. पालापाचोळ्याचं आच्छादन घालायचं ते या वेळी, माती ओली असतानाच, चांगलं वीतभर. सुकलेल्या मातीवर आच्छादन घातलं तर ते कोरडेपणाच राखतं. आच्छादनामुळे गोगलगायी आणि वाळवी येते अशी तक्रार असते, आणि पावसाळ्यापुरती ती रास्त आहे. म्हणून जून ते सप्टेंबर फक्त विरळ, जाडसर काटक्यांचा थर ठेवावा, थेंबांच्या माऱ्यानं माती उडून पानांना लागू नये इतपतच, आणि एरवीही बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडावी. दुसरी अडचण अस्सल इथली आहे: पातेरा राबासाठी जातो. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला पाला लागतो, त्यामुळे उन्हाळ्यात परसाच्या वाट्याला काही उरत नाही. पण राबाची गोळाबेरीज उन्हाळ्यात होते आणि आच्छादनाची गरज ऑक्टोबरात सुरू होते. कापणीनंतरचा पेंढ्याचा चुरा, कुंपणाची छाटणी, केळीची सुकी पानं, नारळाची सोडणं एवढ्यावर पाच-सहा झाडांची सोय सहज होते.

झाडांच्या निवडीवरही थोडं बोलायला हवं, कारण घाट जवळ असण्याचा मोह मोठा आहे. पोलादपूरहून महाबळेश्वर चाळीसेक किलोमीटर, पण उंचीचा फरक तेराशे मीटरच्या आसपास. तेवढ्यानं हवा सात-आठ अंशांनी थंड होते. वरच्या रोपवाटिकांतून हौसेनं आणलेला हायड्रेंजिया किंवा स्ट्रॉबेरीचं रोप खाली महिना-दोन महिने हसतं आणि फेब्रुवारीतच माना टाकतं. त्यात निगेचा दोष नसतो. पण म्हणून फक्त गावठीच लावा असा आग्रह मी धरणार नाही. जास्वंद आणि काजू हीसुद्धा एकेकाळी बाहेरूनच आली आणि इथलीच झाली. कसोटी एवढीच असावी: हे झाड आठवडाभर ओल्या पायांनी आणि नंतर पंधरा दिवस कोरड्या पायांनी उभं राहील का? अनंत, तगर, कर्दळ, कढीलिंब राहतात. गुलाबाला कुंडीतच ठेवलेलं बरं, म्हणजे जुलैत पडवीत आणि मार्चमध्ये सावलीत उचलून नेता येतो.

उन्हाळ्याचं पाणी हा शेवटचा आणि खरा अडचणीचा भाग. जिथं प्यायला टँकर येतो तिथं फुलझाडांना पाणी घालणं लोकांच्या डोळ्यावर येतं, आणि यायलाही हवं. कोकणात मोरीचं पाणी केळीला आणि अळूला सोडायची रीत आहे. ती वाढवता येते. भांडी विसळलेलं, भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी कोणत्याही झाडाला चालतं. साबणाचं पाणी एकाच आळ्यात रोज नको, आलटून पालटून द्यावं, पालेभाजी आणि तुळशीपासून दूर ठेवावं. रोज तांब्याभर शिंपडलं की वरची दोन बोटं भिजतात आणि मुळं त्या थरातच राहतात. तेच पाणी साठवून चार-पाच दिवसांनी एकदम बादलीभर चरात ओतलं तर खाली उतरतं आणि मुळांना खाली ओढतं. संध्याकाळी द्यावं. फेब्रुवारीनंतर नवं झाड लावू नये, आणि मांडवावरचा वेल, वाफ्यातली भाजी एप्रिलमध्ये खुशाल सुकू द्यावी. पुढच्या पावसात ती बियांवरून परत येतात. पाणी तोकडं असेल तेव्हा ते आधी दोन वर्षांच्या आतल्या कलमाला, मग सुपारीला, आणि उरलं तर मोगऱ्याला. मोठ्या आंब्याला, फणसाला काही देऊ नये. त्यांची मुळं केव्हाच कातळाच्या भेगांत उतरलेली असतात.